ट्रकच्या गिअरबॉक्सचा जाम झालेला ड्रेन प्लग: तो कसा उघडावा आणि कोणत्या क्रमाने

गिअर ऑइल बदलणे हे खरे तर सोपे काम आहे. ते बिघडते एकाच ठिकाणी, जुने ऑइल बाहेर काढण्याच्या तळाच्या ड्रेन प्लगपाशी. कोणी चुकीच्या मापाचा पाना लावून प्लगचे पैलू गोल करतो, कोणी उलट्या दिशेने जोर लावून आधीच जाम असलेला प्लग आणखी आवळतो, तर कोणी जुने ऑइल काढून मोकळा होतो आणि मग नवे ऑइल भरायचा वरचा प्लग उघडतच नाही असे त्याच्या लक्षात येते. या तिन्ही चुका ताकद कमी पडल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून खाली प्रत्येक टप्पा कामाच्या क्रमानेच दिला आहे. हे मार्गदर्शन आपल्याकडील मध्यम आणि अवजड ट्रकच्या हाताने बदलण्याच्या गिअरबॉक्ससाठी आहे. ऑटोमॅटिक किंवा एएमटी (गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीच्या बाबतीत कंपनीच्या पुस्तिकेतील सूचना आधी वाचाव्यात.

## 1. गाडीखाली जाण्यापूर्वी

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर उभी करावी. मातीच्या अंगणात किंवा उतारावर हे काम करू नये. जमीन सपाट असण्याची गरज सुरक्षिततेइतकीच शेवटी ऑइलची पातळी मोजण्यासाठीही असते. पार्किंग ब्रेक लावून पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यावेत, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. ट्रक बहुधा न उचलताही गिअरबॉक्सखाली जाता येते. उचलणे भागच असेल तर जॅकवर विसंबू नये, चेसिसखाली भरभक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात. जाम प्लगवर जोर लावताना गाडीला हिसके बसतात आणि नुसत्या जॅकवर तोललेली गाडी त्या हिसक्याने सरकू शकते.

पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि मग थोडी निवू द्यावी. कोमट ऑइल पातळ होऊन पूर्ण निथळते, तळाचा गाळही सोबत घेऊन येते. केसिंगवर (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचावर) हात टेकवता येईल इतपतच ऊब असावी. सायलेन्सरचा पाइप मात्र बराच वेळ तापलेला राहतो, हे झोपून काम करताना विसरले जाते.

हाताशी पुढील वस्तू असाव्यात: वायर ब्रश, जुना स्क्रू ड्रायव्हर, डिझेल आणि चिंध्या, योग्य मापाचा सॉकेट किंवा ॲलन की, अर्धा इंची चौकोनाचा न वाकणारा लांब दांडा, सुमारे एक किलोचा हातोडा, सपाट तोंडाचा पितळी पंच, गंज सोडवणारा स्प्रे, हाताने चालणारा ऑइल पंप, नवा वॉशर आणि शक्य असल्यास नवा प्लग. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वर पाहून काम करताना गंजाची पापडी थेट डोळ्यांत पडते. खाली ठेवायचे पातेले निघणाऱ्या ऑइलपेक्षा मोठे असावे. लहान गिअरबॉक्समध्ये पाच-सहा लिटर ऑइल असते, मोठ्यांमध्ये दहा लिटरांच्या वर.

## 2. आधी भरण्याचा प्लग उघडावा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा वगळला जातो आणि वगळल्याची किंमतही सर्वांत जास्त असते. गिअरबॉक्सच्या बाजूला, तळापासून काही उंचीवर भरण्याचा प्लग असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये पातळी तपासण्यासाठीही तोच वापरतात. ड्रेन प्लगला पाना लावण्याआधी हा प्लग पूर्ण काढून, त्याचे आटे पुसून, हाताने पुन्हा दोन आटे बसवून ठेवावा.

याची कारणे दोन आहेत. खालचा प्लग उघडला आणि वरचा उघडला नाही, तर गाडी कोरड्या गिअरबॉक्सनिशी जागच्या जागी अडकते. तशी गाडी चालवणे म्हणजे बेअरिंग आणि गिअर जाळणे होय. दुसरे कारण अधिक उपयोगाचे आहे: वरचे भोक उघडे असेल तर हातपंपाची नळी आत सोडून बहुतेक ऑइल वरूनच खेचून काढता येते. मग खालचा प्लग आज निघाला नाही तरी काम अडत नाही. नवे ऑइल भरून गाडी रस्त्यावर जाऊ शकते आणि प्लग सवडीने वर्कशॉपमध्ये काढता येतो. तळाचा गाळ मागे राहतो हे खरे, पण प्लगशी झोंबताना केसिंग फोडून घेण्यापेक्षा ते कितीतरी परवडते.

थांबा: भरण्याचा प्लग उघडत नसेल, तर ड्रेन प्लगला हात लावू नये. खाली दिलेले सर्व उपाय आधी या वरच्या प्लगवर करावेत. तरीही तो निघालाच नाही, तर गिअर लीव्हरखालचे झाकण काढून ऑइल भरता येईल का, हे त्या गिअरबॉक्सची माहिती असलेल्या मिस्त्रीकडून आधी ठरवून घ्यावे.

## 3. प्लग ओळखणे आणि साफ करणे

पाना उचलण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे सफाईला द्यावीत. ट्रकच्या तळाशी चिखल, ग्रीस आणि गळलेले ऑइल मिळून दगडासारखा थर बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या चिऱ्याची वाहतूक करणाऱ्या किंवा किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर त्यात लाल माती आणि खारट दमट हवेचा गंज मिसळतो. प्लगचे डोके आत दबलेले, म्हणजे चौकोनी किंवा सहा पैलूंच्या खाचेचे असेल, तर खाच तळापर्यंत कोरून काढावी. खाचेत मातीचा एक थर राहिला तरी ॲलन की पूर्ण आत जात नाही. ती वरच्या काठावर अर्धवट टेकते आणि पहिल्याच जोरात सटकून पैलू गोल करते. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने कोरावे, डिझेलने धुवावे, हवा मारावी आणि ॲलन की बोटाने दाबली असता तळाला टेकल्याचा आवाज येतो का ते पाहावे.

आता तीन गोष्टी नजरेने ठरवाव्यात.

पहिली गोष्ट, केसिंग बिडाचे आहे की ॲल्युमिनियमचे. लहान चुंबक लावताच उत्तर मिळते. पुढे ठोकण्याचा आणि तापवण्याचा निर्णय यावरच अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट, प्लग सरळ आट्यांचा आहे की निमुळत्या आट्यांचा. सरळ आट्यांच्या प्लगला कॉलर (डोक्याखालची रुंद कडा) असते आणि तिच्याखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दिसतो. निमुळत्या प्लगला कॉलर किंवा वॉशर नसतो, तो आट्यांतच पाचर बसल्यासारखा आवळून गळती थांबवतो. निमुळता प्लग एकदा हलला की लगेच सैल होतो. सरळ प्लग मात्र पहिल्या हिसक्यानंतरही काही आटे जड जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट, प्लगवर आधी कोणी छिन्नी चालवली आहे का, सीलंट किंवा वेल्डिंगचा डाग दिसतो का. आधीच मार खाल्लेल्या प्लगवर साध्या पान्याचे प्रयोग न करता थेट टप्पा 7 कडे वळावे.

## 4. पाना निवडणे

बाहेरून पकडायच्या डोक्यासाठी सहा पैलूंचा सॉकेटच वापरावा. बारा पैलूंचा सॉकेट कोपऱ्यांवर पकडतो आणि जाम प्लगचे कोपरे तोडतो. एका टोकाला उघडा असणारा पाना फक्त सैल झालेला प्लग फिरवण्यासाठी ठीक आहे. समायोजनाचा पाना आणि पाइप पाना या टप्प्यावर पेटीतच राहू द्यावेत.

इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत हे प्लग गोल होण्याचे फार मोठे कारण आहे. 15/16 इंच म्हणजे 23.8 मिमी, त्यामुळे 24 मिमीचा सॉकेट त्यावर बसतो, पण किंचित खेळतो. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिमी, तेथे 13 मिमीचा पाना असाच फसवतो. सॉकेट लावून हाताने मागेपुढे हलवून पाहावा. खुळखुळत असेल तर ते माप बरोबर नाही.

खाचेच्या प्लगसाठी वाकडी ॲलन की वापरू नये. सॉकेटवर बसवलेली सरळ की घ्यावी, कारण वाकडी की जोरात पिळते आणि पिळताना तिरकी होते. चौकोनी खाचेत रॅचेटचे टोक घालून काम भागवण्याची सवय सर्रास दिसते. माप तंतोतंत 12.7 मिमी असेल तरच ते चालते.

तपासा: रॅचेट बाजूला ठेवला आहे ना? त्याचे दाते सैल करण्याच्या पहिल्या हिसक्यासाठी नसतात. दाते तुटले की हात थेट चेसिसवर आपटतो. पहिला जोर न वाकणाऱ्या सरळ दांड्यानेच लावावा.

## 5. दिशा ठरवून पहिला जोर लावणे

प्लगच्या डोक्याकडे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवले की तो उघडतो. चूक होते ती गाडीखाली आडवे पडल्यावर. प्लगचे तोंड जमिनीकडे असते, आपण त्याला बाजूने किंवा डोक्याच्या मागून हात घालून पकडतो, आणि दिशा मनातल्या मनात उलटी होते. खडूने केसिंगवरच उघडण्याच्या दिशेचा बाण काढावा. हा उपाय क्षुल्लक वाटेल, पण घट्ट प्लगांपैकी काही केवळ मागच्या खेपेस कोणीतरी उलट्या दिशेने लटकल्यामुळे इतके घट्ट झालेले असतात.

दांडा असा लावावा की जोर लावताना तो स्वतःकडे ओढता येईल. ढकलावे लागलेच तर मूठ न आवळता उघड्या तळव्याने ढकलावे. दुसऱ्या हाताने सॉकेटचे डोके प्लगवर सरळ दाबून धरावे, कारण पाना सटकतो तो बहुतेक वेळा तिरका झाल्यामुळे.

जोराचा हिशेब माहीत असावा. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला 40 किलोचा भार दिला तर प्लगवर साधारण 200 न्यूटन-मीटर पीळ येतो. त्याच दांड्यावर पाइप चढवून लांबी एक मीटर केली की तो 400 होतो. बिडाच्या केसिंगमधील मोठ्या प्लगला हे सोसते. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये मात्र पाइप चढवण्याआधी टप्पा 6 पूर्ण करावा.

जोर हळूहळू वाढवत न्यावा आणि दहा-पंधरा सेकंद धरून ठेवावा. हलला नाही, तर आवळण्याच्या दिशेने किंचित, अगदी थोडा जोर देऊन पुन्हा सोडवण्याच्या दिशेने ओढावे. कॉलरखाली चिकटलेला थर या मागेपुढे करण्याने तुटतो. प्लग सुटताना बहुधा एकच खट्ट आवाज येतो. आवाज न येता दांडा मऊसर फिरू लागला तर ताबडतोब थांबावे. अशा वेळी प्लग फिरत नसतो, पैलू सोलले जात असतात.

## 6. जोराने हलला नाही तर: ठोका, स्प्रे, थांबणे, उष्णता

प्लग नेमका कोठे धरलेला असतो हे समजून घेतले तर पुढचे उपाय नेमके होतात. आतल्या बाजूचे आटे कायम ऑइलमध्ये असल्याने ते सहसा गंजत नाहीत. पकड असते ती कॉलरखालच्या पृष्ठावर आणि बाहेरच्या एक-दोन आट्यांवर. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी प्लग असेल तर ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये पांढरट क्षार साचून तेथे घट्ट बसतो.

म्हणून पहिला उपाय ठोक्याचा. पितळी पंच प्लगच्या डोक्यावर अगदी सरळ टेकवून हातोड्याचे पाच-सहा खणखणीत घाव घालावेत. खाचेच्या प्लगवर घाव कडेच्या गोलावर पडावेत, खाचेच्या काठावर नव्हे. ॲल्युमिनियमच्या केसिंगवर घाव हलके आणि जास्त संख्येने द्यावेत. बीडही ठिसूळ असते, त्यामुळे घण वापरण्याचा मोह टाळावा.

त्यानंतर स्प्रे. येथे एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही: तोंड खाली असलेल्या प्लगवर मारलेला स्प्रे वर चढण्याऐवजी ठिबकून जातो, आणि कॉलरखालचा वॉशर धड असेल तर तो आट्यांपर्यंत पोहोचतही नाही. त्यामुळे डबा रिकामा करण्यात अर्थ नाही. स्प्रेने भिजवलेली चिंधी कॉलरच्या कडेभोवती गुंडाळून चिकटपट्टीने बांधावी, अधूनमधून ठोके द्यावेत आणि शक्य असेल तर रात्रभर तसेच राहू द्यावे. निमुळत्या प्लगवर हा उपाय अधिक लागू पडतो, कारण तेथे वाट अडवणारा वॉशर नसतो.

तरीही हलला नाही तर उष्णता द्यावी. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. 24 मिमी व्यासाच्या भोकाचे तापमान प्लगसकट 80 अंशांनी वाढवले, तर भोक प्लगपेक्षा सुमारे 0.02 मिमी जास्त मोठे होते. हा आकडा छोटा दिसतो, पण क्षाराची पकड सोडवायला पुरतो. म्हणून ॲल्युमिनियममध्ये प्लगभोवतीचे केसिंग तापवावे आणि गरम असतानाच दांडा लावावा. बिडाचे गणित वेगळे आहे. बीड आणि पोलाद जवळपास सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे दोन्ही एकत्र तापवून फारसे काही मिळत नाही. तेथे फक्त प्लग तापवावा, पूर्ण निवू द्यावा आणि मग ओढावा. तापताना केसिंगच्या आत दाबला गेलेला प्लग निवताना आखडतो आणि गंजाचा थर तडकतो.

सावधान: ज्योत लावण्याआधी वरचा प्लग पूर्ण काढलेला असावा आणि पंपाने शक्य तितके ऑइल खेचून घेतलेले असावे. स्प्रे मारलेल्या जागी ज्योत धरू नये, आधी ती पुसून कोरडी करावी, कारण बहुतेक स्प्रे पेट घेणारे असतात. जवळच्या वायरी, हवेच्या नळ्या आणि रबरी सील ओल्या फडक्याने झाकावेत. शक्य असेल तेथे ज्योतीऐवजी गरम हवेची गन वापरावी. ॲल्युमिनियम तापल्यावर रंग बदलत नाही आणि इशारा न देता ढासळते. शेजारी अग्निशामक ठेवावा.

हवेच्या इम्पॅक्ट गनविषयी: अर्धा इंची छोटी गन बिडाच्या केसिंगवर, इम्पॅक्टसाठीच बनवलेल्या काळ्या सॉकेटसह, सोडवण्याच्या दिशेने चालते. तिचे छोटे छोटे हिसके लांब दांड्याच्या सलग जोरापेक्षा कधीकधी जास्त कामाला येतात. चाकांच्या नटांची एक इंची गन येथे आणू नये. चकचकीत क्रोम सॉकेट गनवर लावला तर तो फुटून तुकडे उडू शकतात.

## 7. पैलू गोल झाले असतील तर

येथून पुढे प्लग वाचवायचा नसतो, फक्त केसिंगचे आटे वाचवायचे असतात. नवा प्लग हातात असल्याशिवाय हा टप्पा सुरू करू नये.

बाहेर आलेले डोके असेल तर पाइप पाना घट्ट चावेल असा लावावा, किंवा कानशीने समोरासमोरचे दोन सपाट पैलू नव्याने पाडून त्यावर पाना बसवावा. छिन्नीने फिरवण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, मात्र तिचे दोन भाग पाळावे लागतात: आधी कॉलरच्या कडेला सरळ घाव घालून खाच पाडावी, मग छिन्नी त्या खाचेत तिरकी धरून उघडण्याच्या दिशेने ठोकावी. पहिल्या घावापासूनच तिरके ठोकले तर छिन्नी घसरून केसिंगवर चर पाडते आणि तेथे पुढे वॉशर कधीच नीट बसत नाही.

खाच गोल झाली असेल तर किंचित मोठ्या मापाची ॲलन की किंवा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराची) बिट ठोकून बसवून पाहावी. तेही सुटले, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्लगवर नट ठेवून तो आतून वेल्ड करणे. नट पकड देतो आणि वेल्डिंगची उष्णता गंज सोडवते. त्यामुळे वेल्ड निवू लागताच प्लग अनेकदा सहज फिरतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात, बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांच्या ईसीयूबाबत (इंजिन नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संचाबाबत) कंपनीची सूचना पाळावी, आणि अर्थ क्लॅम्प चेसिसवर दूर न लावता गिअरबॉक्सच्या केसिंगवरच, वेल्डच्या जवळ लावावा. क्लॅम्प दूर असेल तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यावर डाग पाडतो. हे काम सराव असलेल्या वेल्डरकडेच द्यावे.

ड्रिल करून प्लग कोरणे हा शेवटचा उपाय. भोक मधोमध, लहान मापापासून वाढवत न्यावे आणि आट्यांना स्पर्श होण्याआधी थांबावे. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (भोकात रुतवून प्लग फिरवून काढण्याचे हत्यार) आत तुटला तर त्यावर साधे ड्रिल चालत नाही, म्हणून त्यावर लांब पाइप चढवू नये. कोरलेला भुगा आत जातोच, त्यामुळे नंतर थोडे स्वस्त गिअर ऑइल ओतून, तळातून वाहू देऊन गिअरबॉक्स धुणे आवश्यक आहे. यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरू नये.

## 8. प्लग निघाल्यावर

शेवटचे आटे हाताने फिरवताना प्लग आतल्या बाजूस दाबून ठेवावा आणि मग झटक्यात बाजूला घ्यावा. ऑइल सुरुवातीला जोरात येते आणि बाजूलाही उडू शकते, हे लक्षात घेऊन पातेले ठेवावे. ऑइल निथळायला किमान वीस मिनिटे द्यावीत.

चुंबक असलेल्या प्लगवर करडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट असणे ही नेहमीची झीज आहे. नखात धरता येतील असे चकाकते तुकडे, दात्याचा कोपरा किंवा पितळी कण दिसले, तर नवे ऑइल भरण्याआधी गिअरबॉक्स उघडून पाहण्याचा निर्णय घ्यावा. ते तुकडे फेकू नयेत, मिस्त्रीला दाखवावेत.

केसिंगचे आटे फडक्याने पुसून नवा प्लग हाताने फिरवून पाहावा. तो तीन-चार आटे बोटांनीच जायला हवा. अडत असेल तर योग्य मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) ग्रीस लावून हलकेच फिरवावा, म्हणजे भुगा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आटे गेलेच असतील तर मोठा प्लग ठोकून बसवू नये, तेथे तारेचे किंवा बुशचे नवे आटे बसवून घ्यावेत.

## 9. प्लग परत बसवणे आणि ऑइल भरणे

पुढच्या वेळी प्लग जाम होईल की नाही हे याच टप्प्यावर ठरते. सरळ आट्यांच्या प्लगला दर वेळी नवा वॉशर घालावा. नवा मिळालाच नाही, तर तांब्याचा जुना वॉशर लालसर तापवून निववला की पुन्हा मऊ होतो आणि एकदा चालून जातो. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नये. निमुळत्या प्लगला पुस्तिकेत सांगितलेले सीलंट पातळ लावावे आणि शेवटचा जोर बेताने द्यावा, कारण पाचरीसारखा तो केसिंग फोडू शकतो. आवळण्याचा आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि टॉर्क पान्याने आवळावे. गळू नये म्हणून पाइप चढवून आवळणे, हेच पुढच्या खेपेच्या जाम प्लगचे मूळ आहे. वॉशर चांगला आणि पृष्ठ साफ असेल तर जास्तीच्या जोराची गरजच पडत नाही.

ऑइलचा दर्जा पुस्तिकेप्रमाणेच घ्यावा. जीएल-4 लिहिले असेल तेथे "जास्त नंबर म्हणजे जास्त चांगले" असे समजून डिफरन्शियलचे जीएल-5 भरू नये, कारण त्यातील रसायनांचा पितळी सिंक्रो रिंगांवर (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांवर) वाईट परिणाम होऊ शकतो. सपाट जमिनीवर ऑइल भोकाच्या खालच्या काठाशी येऊन अलगद ओघळू लागेपर्यंत भरावे. बोट आत घालून खोलवर कोठेतरी ऑइल लागले म्हणून समाधान मानू नये. ब्रीदर (गिअरबॉक्सच्या आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड) मातीने बुजलेला असेल तर तोही आताच साफ करावा. तो बंद असेल तर आत दाब वाढून नव्या वॉशरमधूनही ऑइल पाझरते, आणि मग दोष विनाकारण प्लगला दिला जातो.

तपासा: प्लगच्या कॉलरवरून केसिंगवर जाणारी एक रंगाची रेघ ओढावी. जुने ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, म्हणून बंद डब्यात भरून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

दहा किलोमीटर गाडी फिरवून प्लगखाली कोरडे फडके फिरवून पाहावे. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा रेघ जागेवर आहे का आणि पातळी उतरली आहे का ते बघावे. ओलसरपणा दिसलाच तर प्लग आणखी न आवळता ऑइल एका स्वच्छ भांड्यात काढून वॉशर बदलावा.